गीत कोणाचे?

ज्या कवीने मला कवितेची गोडी लावली त्याचे नाव मला दोन वर्षे ठाऊक नव्हते, आणि तो माझ्याच गावचा होता! यात दोष माझा थोडा, निवेदकाचा फार.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचे घर. एका रात्री बातम्यांसाठी रेडिओची सुई फिरवीत असता दूरचे एक मराठी केंद्र खरखरत लागले आणि लता मंगेशकरांचा स्वर कानी पडला. स्वर ओळखीचा, शब्द मात्र अपूर्व. माणूस गेल्यावर जग त्याला किती सहज विसरते, हे ते गीत कसलाही आक्रोश न करता सांगत होते. गीत संपले. निवेदकाने गायिकेचे नाव सांगितले, संगीतकार वसंत प्रभूंचे सांगितले आणि हवामानाकडे मोर्चा वळवला. मी समजलो, मुंबईकडचा कोणी चित्रपटगीतकार असावा. पुढे ग्रंथालयात एक जुने पुस्तक चाळताना तेच शब्द समोर उभे राहिले. कवी भा. रा. तांबे! ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी, १९४१ साली याच शहरात निवर्तलेले. जगाच्या विस्मरणाविषयी कवीने जे भाकीत केले ते त्याच्याच बाबतीत, त्याच क्षणी खरे करून दाखवण्याची एवढी घाई निवेदकाला का पडावी?

यावर ठरलेले उत्तर असे की, गीत अखेर गाणाऱ्याचे. त्या चालीवाचून आणि त्या कंठावाचून तांबे घरोघर पोहोचले नसते, हे मला मान्य आहे. परंतु ती चाल बांधली गेली तेव्हा कवी हयातही नव्हता. आणि ज्या कवीने आपल्या कवितांबरोबर राग आणि जाती नोंदवून ठेवल्या, त्याला गाण्यातून वगळायचे तरी कोणत्या न्यायाने? त्याच नोंदींत स्थळेही आहेत. कोठे देवास, कोठे लष्कर-ग्वाल्हेर. त्यांच्या कवितेचा दुसरा भाग १९२७ साली सिद्ध केला तो गोमंतकीय अ. का. प्रियोळकरांनी, १९३५ ची ‘समग्र कविता’ संपादिली ती बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांनी. म्हणजे लिहिणारा माळव्या-ग्वाल्हेरकडचा, जपणारे गोव्याचे आणि बडोद्याचे. एवढा संसार एका नावाबरोबर पुसला जातो, आणि मग आमची मुले समजतात की मराठी ही पुण्याहून मागवायची वस्तू आहे!

आज रेडिओची जागा मोबाइलने घेतली, पण खोड तीच. पडद्यावर गायिकेचे छायाचित्र झळकते. कवी सापडलाच तर चार वेळा बोट दाबल्यावर. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकारांना मानधनातला वाटा मिळवून दिला, हे चांगलेच झाले. तांब्यांच्या कवितेवरील स्वामित्वहक्क मात्र २००१ अखेर संपला. त्यांचे एका पैचेही देणे कोणावर उरलेले नाही. उरले आहे ते केवळ नाव.

त्या केंद्राला मी पत्र लिहिले होते. वेळेअभावी कवीचा उल्लेख राहून जातो, असे नम्र उत्तर आले. ‘भा. रा. तांबे’ हे शब्द उच्चारायला दोन सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे.