प्रचाराचं यंत्र आणि नववा अवतार

दोस्तांनो, आधी कबूल करून टाकतो. मी गोदीत ओझी ओढणारा, मॅट्रिक पास, कविता लिहिणारा माणूस; आणि मी इंग्रजी हेवी मेटल ऐकतो. यावरून आपल्याच काही कार्यकर्त्यांनी मला झापलंय. ही पैसेवाल्या पोरांची थेरं तुला कशाला पाहिजेत, आपल्याकडं शाहिरी नाही का, म्हणून. आहे ना. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकतच मी मोठा झालो. पण डोक्यावरनं स्टीलची कॉइल जाताना क्रेनच्या साखळीचा जो कर्रकर्र आवाज हाडात शिरतो, तो मला वामनदादांच्या गाण्यात सापडत नाही. मेटलमध्ये सापडतो. त्याला मी काय करू?

आणि पैसेवाल्यांचं म्हणाल तर हे संगीत जन्मलं कुठं ते ऐका. इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत, १९६८ साली ब्लॅक सबाथ नावाचं टोळकं जमलं. त्यातला गिटारवाला टोनी आयोमी. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो दिवस त्याचा त्या कामावरचा शेवटचा दिवस होता. पोरानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. पुढं तारा ढिल्या केल्या, कारण तुटक्या बोटांनी ताणलेल्या तारा दाबवत नव्हत्या. ढिल्या तारांतून आवाज खर्जात गेला. तो खर्ज म्हणजे मेटल. म्हणजे साला मशीननं बोटं खाल्लेल्या कामगाराच्या जखमेतून हे सगळं निघालंय. गोदीत अर्धवट बोटांची माणसं मी रोज बघतो. त्यामुळे हे गाणं माझं नाही असं मला कुणी सांगू नये.

आता मुद्द्यावर येतो. मुंबईचा साहिल मखिजा. 'डेमनस्टीलर' हे त्याचं घेतलेलं नाव. २००० साली त्यानं मुंबईत 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँड काढला आणि या देशात मेटलची वाट पाडली. स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, इतर पोरांना उभं केलं. त्याचा माझ्यासारख्यांवर उपकार आहे, तो मी नाकारत नाही. २०२३ साली त्यानं एकट्याच्या नावावर 'द प्रोपगंडा मशीन' हा अल्बम काढला. प्रचाराचं यंत्र. गाण्यांची नावंच बघा: 'द फिअर कॅम्पेन', 'मोनोलिथ ऑफ हेट', 'द आर्ट ऑफ डिसइन्फर्मेशन', 'द ग्रेट डिक्टेटर'. भीतीची मोहीम, द्वेषाचा खांब, खोटं पसरवण्याची कला, थोर हुकूमशहा. नावं वाचूनच मी उडालो. म्हटलं, आला एकदाचा आपल्या गल्लीत!

ऐकला मात्र नीट गावी गेल्यावर. धानोरा, जिल्हा नंदुरबार. होळीला गेलो होतो. मुंबईत कंत्राटाच्या पाळ्यांमध्ये गाणं तुकड्यातुकड्यानं ऐकावं लागतं. गावी रात्री माळवदावर आडवा पडलो, मोबाइल उशाशी लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकला. माय खालून म्हणाली, "हाऊ काब्र रडी ऱ्हायना रे? याले कोन मारं?"

याला कोणी मारलं! वर्तमानपत्रात समीक्षा लिहिणारे सगळे एकीकडं आणि माझी माय एकीकडं. इंग्रजीचा एक शब्द न कळता तिला मूळ कळलं. मेटलमधला तो गुरगुराट, ती घशातनं फाडून काढलेली हाक, तिला पांढरपेशे लोक गोंगाट म्हणतात. मायला ते रडणं वाटलं. मार खाल्लेल्या माणसाचं. तिनं तसलं रडणं ऐकलेलं आहे.

तर माझं प्रामाणिक मत: वाजवण्यात हा अल्बम पक्का आहे. वेगवेगळ्या देशांतले नावाजलेले ड्रमवाले त्यात आहेत, दोन्ही पायांनी ढोल असा काही हाणलाय की अंगाखालचं माळवद हलतंय असं वाटावं. गुरगुराटातून मध्येच साहिल मोकळ्या आवाजात गातो तेव्हा काळ्या ढगातून ऊन पडल्यागत होतं. कुठंकुठं मात्र वेगाचा अतिरेक होतो. सतत धावणाऱ्या गाण्यात शब्दाला बसायला जागा मिळत नाही. आयोमीची चाल संथ होती, जड माल खांद्यावर घेतलेल्या माणसासारखी. ते ओझं इथं मला कमी वाटलं. इथं ताकद आहे, ओझं नाही.

दुसरं, भाषा. भीतीच्या मोहिमेबद्दल तू इंग्रजीत ओरडतोस, ठीक. पण ती मोहीम चालते मराठीत, हिंदीत, अहिराणीत. चहाच्या टपरीवर, मोबाइलवर, कीर्तनात. ज्याच्या डोक्यावर यंत्र फिरतंय त्याला तुझा शब्द कळत नाही, आणि ज्याला कळतो तो काळा टी-शर्ट घालून आधीच तुझ्या बाजूला उभा आहे.

त्या काळ्या टी-शर्टवाल्यांचं एक सांगतो. मुंबईत असल्या एका जलशाला मी गेलो होतो. स्टेजपुढं पोरं एकमेकांवर आदळतात, रेटारेटी करतात, कुणी पडला तर दहा हात त्याला उचलतात. कुणाचा घाम कुणाला लागला कळत नाही. मी तिथं उभा राहून म्हटलं, अरे, इथं तर शिवाशिव मेली! गाणं संपलं. ज्यानं मला उचललं होतं त्यानंच गळ्यात हात टाकून नाव विचारलं. सांगितलं. 'फुल नेम?' तेही सांगितलं. 'अच्छा,' म्हणाला आणि हात काढून पाणी प्यायला गेला. परत आला नाही. तहान मोठी असेल. मी त्याला दोष देत नाही, मी फक्त बघितलं ते लिहितो.

हे सगळं मी गिळलं असतं. पण माळवदावर 'प्रोपगंडा मशीन' संपल्यावर मोबाइलनं आपोआप त्याच माणसाचं पुढचं काहीतरी लावलं. ते निघालं 'दशावतार'. डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ सालचा अल्बम. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, आणि नववा बुद्ध. 'बुद्ध – द टीचर'. दहावा कल्की.

मी उठून बसलो.

बँडचं नाव काय, तर राक्षसांचं पुनरुत्थान. आणि गाणी कुणाची, तर राक्षस मारणाऱ्यांची! पुराणात राक्षस-दैत्य म्हणून कोण आहे? हिरण्यकश्यपू, बळी. जोतीबांच्या हिशेबानं हे आपले पूर्वज. म्हणजे ज्यांचं पुनरुत्थान करायचं पाटीवर लिहिलंय, त्यांच्याच मढ्यावर उभं राहून हा दहा गाणी गातो. साहिलनं ती भक्तिभावानं केली असं माझं म्हणणं नाही. गोष्ट जोरकस आहे, युद्ध आहे, रक्त आहे, मेटलला शोभतं, म्हणून घेतली असेल. पण गोष्ट सोपी नसते रे. गोष्ट कुणाच्या तोंडची आहे ते बघावं लागतं.

हे दहा अवतार आपल्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वीच तपासायला घेतलेत. १८७३ साली जोतीबांनी 'गुलामगिरी' लिहिली, त्यात मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेकाची उलटतपासणी आहे. मत्स्य म्हणजे समुद्रावरून छोट्या होड्यांतून किनाऱ्याला लागलेल्या टोळीचा म्होरक्या. हे वाचलं तेव्हा मी धक्क्यावर बसलो होतो, समोर बोटी लागत होत्या. म्हटलं, बरोबर, मासा कशाला वेद आणेल, मासा म्हणजे गलबतच असणार. वामनानं फसवलेला बळी हा आमचा राजा. माझ्या मायला 'गुलामगिरी' माहीत नाही, पण दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' हे ती म्हणते, तिची आई म्हणायची. परशुरामाच्या प्रकरणात तर जोतीबांनी कमाल केली. तो चिरंजीव म्हणवतो ना, मग जिवंतच असणार, म्हणून त्याच्या नावानं नोटीस काढली, सहा महिन्यांत हजर हो म्हणून! हजर झाला नाही. आता थेट गाण्यातच हजर झालाय, कुऱ्हाड घेऊन. आजचे इतिहासवाले जोतीबांचं सगळंच मान्य करणार नाहीत, ते मला माहीत आहे. मी तो ताम्रपट म्हणून वाचत नाही, सवाल म्हणून वाचतो. सवाल अजून उभा आहे.

सातवा राम, आठवा कृष्ण. त्यांचं कोडं बाबासाहेबांनी हाती घेतलं. ते लिखाण सरकारनं १९८७ साली 'रिडल्स'च्या खंडात छापलं तर केवढं रान उठलं. ते वगळू नये म्हणून १९८८ साली मुंबईत आपल्या माणसांचा समुद्र रस्त्यावर आला. मी जन्मलेलो नव्हतो, पण गोदीतला एक म्हातारा सांगतो, पाय दुखले नाहीत, म्हणतो, एवढं चाललो तरी.

आणि नववा. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बावीस प्रतिज्ञांतली पाचवी. बुद्ध हा विष्णूचा अवतार हे आम्ही मानत नाही, तो खोटा प्रचार आहे. शब्द बघा, दोस्तांनो: प्रचार! साहिल, तुझ्या २०२३ च्या अल्बमचं नाव काय? प्रोपगंडा. बाबासाहेबांनी ज्याला नाव घेऊन प्रोपगंडा म्हटलं, तोच तू २०१७ साली नवव्या नंबरला लावलास. 'शिक्षक' म्हटलंस, तेवढ्यापुरतं तुझं बरोबर. पण शिक्षकाला तू आठ जणांच्या मागं रांगेत उभं केलंस. ज्यानं देवाचीच गरज ठेवली नाही, त्याला देवाची एक आवृत्ती करून टाकायचं. ही या मुलखातली सगळ्यात जुनी 'आर्ट ऑफ डिसइन्फर्मेशन'. ती करायला टीव्ही लागला नाही, मोबाइल लागला नाही.

मग कल्की. गाण्याच्या नावात त्याला 'घाणीचा नाश करणारा' म्हटलंय. पुराणात कल्की येतो तो म्लेंच्छांना कापायला. घाण म्हणजे कोण? गटारात उतरणारी आमची माणसं, की गटार करणारे? या दहाव्याला उत्तर जोतीबांनी लिहिलं नाही, बाबासाहेबांनी प्रतिज्ञेत घातलं नाही. ते आपल्या पिढीवर आलंय.

कुणी म्हणेल, मेटलमध्ये देवाधर्माचं काय घेऊन बसलास. अरे, मेटलचं अर्धं भांडणच धर्माशी आहे. नॉर्वेतली पोरं चर्चच्या विरोधात गेली, त्यातल्या काहींनी १९९२ च्या सुमारास लाकडी चर्चं जाळली. मला ते मान्य नाही, आणि त्यातले काही पुढं चक्क वर्णद्वेषी निघाले. आपण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला पुस्तक जाळलं, देऊळ नाही. पण निदान ती पोरं स्वतःच्या घरच्या देवाशी भांडत होती. आपल्याकडचं मेटल घरच्या देवाची मिरवणूक काढतंय.

त्याच होळीत काठीला गेलो. सातपुड्यात, अक्कलकुव्याकडं, राजवाडी होळी. जीपमध्ये कोंबून गेलो, पहाटेपर्यंत उभे. आदिवासी बांधवांचे ते अजस्र ढोल, अंगावर पांढरे ठिपके काढलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्ये, मधोमध उंच बांबू. ढोलाचा घुमारा कानात नाही, पोटात वाजतो. विजेची तार नाही, स्पीकर नाही, आणि तरी ते ओझं, जे मला अल्बममध्ये सापडलं नाही, ते तिथं होतं. संथ. ब्राझीलच्या सेपुल्तुरा बँडनं १९९६ साली 'रूट्स' केला तेव्हा ते शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत बसले, त्यांच्यासोबत वाजवलं. आपल्याकडं मुंबईहून सातपुड्यात कोण आलंय? पुराण हाताशी असतं, ढोल एका रात्रीच्या प्रवासावर असतो, एवढाच फरक.

आणि ज्या मुलखात एकलव्याला आपला मानणारी भिल्ल माणसं राहतात, तिथं मला आयोमीची आठवण आली. बोटं तुटलेला पोरगा वाजवत राहिला आणि त्यातून एक अख्खं संगीत निघालं. अंगठा कापून घेतलेल्या पोराचं मेटल मी अजून ऐकलेलं नाही. बळीचंही नाही. दहा गाण्यांत एकाचंही नाव बळी नाही.

परतीच्या गाडीत, सुरत येईपर्यंत, दोन्ही अल्बम पुन्हा ऐकले. 'प्रोपगंडा मशीन' सगळा. 'दशावतार'मधलं पाचवं गाणं, वामनाचं, दोनदा. ऐकताना मी मनातल्या मनात बळीच्या बाजूनं उभा राहतो, तेव्हा तेच गाणं आपलं वाटायला लागतं, आणि ते वाजवलंयही झकास. नववं लागलं की बोट पुढं ढकलतं. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती.