निदान निदान तरी करा

जुन्या पिकअपच्या इंजिनाने सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड केली की मालकाला दोनच सल्ले मिळतात. पहिला, "जुनी गाडी आहे, चालायचंच." दुसरा, "इंजिन खोलावं लागेल." मला दोन्ही सारखेच आळशी वाटतात. पहिल्यात न तपासता सोडून दिलेलं असतं, दुसऱ्यात न तपासता फाडायला घेतलेलं असतं. मधली जी पायरी आहे तिला मराठीत निदान म्हणतात, उर्दूत तशखीस. मराठीतल्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, 'किमान'. निदान एवढं तरी करा, असं आपण म्हणतो. गाडीच्या बाबतीत हे किमानही होत नाही, आणि त्याची भरपाई करणारा माणूस बहुधा गाडीचे हप्ते अजून भरत असतो.

मी भाषा शिकवतो, पाना धरत नाही. पण माझ्या मामेभावाचा पिकअप आहे, त्यावर तो भाजी वाहतो, आणि त्याच्याबरोबर मिस्त्रीच्या बाकड्यावर बसून मी बरंच ऐकलं आहे. तिथे माझं लक्ष आधी शब्दांकडे गेलं. खडखड, टकटक, ठकठक, किरकिर, घरघर. आपल्या भाषांमध्ये आवाजांची केवढी श्रीमंती आहे! आणि आपण गॅरेजमध्ये जाऊन सांगतो काय, तर "गाडी आवाज करते." हे डॉक्टरांना "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं झालं. साखळी सैल असली की खडखड होते, टॅपेटची टकटक असते, खालच्या बेअरिंगची ठकठक जड आणि खोल असते, पट्टा किरकिरतो. हे काही पक्कं गणित नाही, कारण लोखंडातून आवाज सगळीकडे पसरतो आणि एका टोकाचा दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. पण सुरुवात इथूनच करायची असते.

आवाजाच्या जातीपेक्षाही महत्त्वाची असते त्याची वेळ. किती सेकंद? फक्त थंड इंजिनाला की गरम असतानाही? रेस केल्यावर वाढतो की विरतो? क्लच दाबल्यावर बदलतो का?

समजा खडखड दोन-तीन सेकंदच राहते आणि मग इंजिन गुमान चालतं. मग पहिला संशय तेलावर. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पंपाने ते पुन्हा वर चढवेपर्यंत वरचे भाग काही क्षण कोरडे फिरतात. हे होऊ नये म्हणून बऱ्याच ऑइल फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, ती तेल उलटं वाहू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर सगळी मदार या झडपेवर. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये तिचं रबर लवकर कडक होतं, आणि मग फिल्टर रात्रीत रिकामा होतो. ज्या इंजिनात टायमिंगची साखळी आहे, तिथे साखळी ताणून धरणारा टेन्शनर पुष्कळदा तेलाच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत साखळी आपल्या घरात आपटत राहते. तेव्हा तोच आवाज फिल्टरमुळे येऊ शकतो, चुकीच्या तेलामुळे येऊ शकतो, थकलेल्या टेन्शनरमुळे येऊ शकतो किंवा खरोखर लांबलेल्या साखळीमुळे. पहिलं कारण काही शे रुपयांचं आहे, शेवटचं काही हजारांचं. शहाण्या माणसाने कुठून सुरुवात करावी हे सांगायला हवं का?

खडखड चार-पाच मिनिटं चालून इंजिन तापल्यावर थांबत असेल तर गोष्ट वेगळी. पिस्टन आणि लायनरमध्ये झीज होऊन जागा वाढली की थंड पिस्टन आत हलतो, तापून फुगला की नीट बसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर निसटत असेल तर अगदी टॅपेटसारखी टकटक येते, आणि धातू प्रसरण पावला की फट मिटून तीही बंद होते. या टकटकीपायी टॅपेट सेट करून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. शिवाय डिझेल इंजिन थंडीत थोडं ठोकणारच. सिलिंडरमधली हवा थंड असली की डिझेल पेटायला उशीर होतो, तोवर साठलेलं एकदम पेटतं आणि ठोका बसतो.

आणि कधी कधी काहीच नसतं, सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालेला असतो. हा विनोद नाही. थंड इंजिनाला, हातमोजा घालून, त्या पत्र्यावर दाब देऊन बघणं ही तपासातली पहिली पायरी असायला हवी, कारण तिला पैसे लागत नाहीत.

आमच्या भावाच्या गाडीचं असं झालं. सकाळी तीनेक सेकंद खडखड. एका गॅरेजने गाडी उभ्या उभ्या ऐकली, तीही दुपारी, बारा किलोमीटर चालून आलेली, म्हणजे आवाज मुळात नव्हताच, आणि सत्तर हजारांचा अंदाज दिला. इंजिन उतरवायचं, साखळी, गिअर, सगळं बदलायचं. भाव हादरला. आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "तेल कधी बदललं?" तीन आठवड्यांपूर्वी. "आणि आवाज कधीपासून?" भाव जरा थांबून म्हणाला, "चाचा, तेव्हापासूनच असेल." मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, अर्धं काम या दोन सवालांत झालं."

मग ते म्हणाले, गाडी रात्रभर इथे ठेवा. हे ऐकायला सोपं आहे. भाजीची गाडी रात्री दोनला मार्केटला निघते, रात्रभर ठेवायची म्हणजे एक फेरी बुडाली, ज्याचा माल ठरला आहे तो शेतकरी दुसरी गाडी बघणार. भावाने ती फेरी सोडली. सकाळी मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पोराला चावी फिरवायला सांगितली. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1816 साली कागदाची सुरळी करून छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. आमच्या मिस्त्रींना लेनेक माहीत नाही, पण परंपरा तीच.

आवाज साखळीच्या बाजूलाच होता. त्यांनी फक्त फिल्टर बदलला, चांगल्यातला घातला. दुसऱ्या दिवशी खडखड तीन सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आली. पूर्ण गेली नाही. टेन्शनरही थकला होता, तो पुढच्या हंगामानंतर, हातात पैसे आल्यावर, ठरवून बदलला. मधल्या काळात कशावर लक्ष ठेवायचं तेही मिस्त्रींनी सांगितलं होतं: आवाजाचे सेकंद वाढले तर थांबायचं नाही, लगेच यायचं. साखळीने दाते सोडले तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि मग सत्तर हजारही पुरत नाहीत.

बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन असा एक भाग होता. परीक्षेपुरता सगळे पाठ करतात. माझ्या वर्गातलं उर्दू घरातलं मूल 'बाळ'चं 'बाल' लिहितं, 'पाणी'चं 'पानी' लिहितं. वहीत तीस लाल गोल दिसतात. शिक्षक म्हणतो, शुद्धलेखन कच्चं, रोज दोन पानं लिहून आण. ही झाली इंजिन उतरवण्याची शिफारस. खरं तर तीस चुका नाहीत, दोनच आहेत. त्याच्या घरच्या भाषेत ळ आणि ण हे आवाज नाहीत, म्हणून कानाने ते वेगळे धरलेले नाहीत. कान तयार केला की हात आपोआप सुधारतो. त्या मिस्त्रींच्या बाकड्यावर मला हे पुस्तकापेक्षा जास्त कळलं.

आणखी एक युक्ती तिथलीच. जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करतो. ज्या सिलिंडरचं डिझेल बंद केल्यावर ठोका बदलतो, तो सिलिंडर दोषी. पण याने 'कुठे' कळतं, 'काय' कळत नाही, कारण डिझेल तोडलं की नोझलचा ठोकाही जातो आणि बेअरिंगचाही दबतो. मग तो त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्याला लावतो. ठोका नोझलबरोबर शेजारी गेला तर दोष नोझलचा, जागीच राहिला तर सिलिंडरचा. विज्ञानाच्या प्रयोगवहीत यापेक्षा स्वच्छ प्रयोग मी पाहिलेला नाही. (कॉमन रेलच्या गाडीत असा नट सैल करायला जाऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते.)

आता तक्रार कुणाविरुद्ध? 'बदलून बघू' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला लबाड म्हणणं सोपं आहे. पण आपण त्याला पैसे कशाचे देतो? पार्टचे. अर्धा तास कान लावून त्याने "फक्त फिल्टर बदला" सांगितलं तर आपण फिल्टरच्या किमतीवर वर शंभर रुपये द्यायलाही कुरकुरतो. ऐकण्याची मजुरी कुणी देत नाही, म्हणून ऐकणारे कमी होत चालले आहेत. डॉक्टरची तपासणी फी आपण निमूट देतो, औषध लिहून दिलं नाही तरी देतो. मिस्त्रीला ती मागायची सोय नाही. मला वाटतं, मालकांनी गाडी लावतानाच सांगावं: तपासायचे वेगळे पैसे देतो, पण इंजिन खोलण्याआधी मला कारण सांगा. आमच्या भावाने त्या मिस्त्रींना पाचशे रुपये वेगळे दिले, तर ते चमकून बघत राहिले.

यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये पाना फिरवशील," हे वाक्य आमच्या शाळांमध्ये किती सहज बोललं जातं. ज्या मोहल्ल्यातली निम्मी घरं गॅरेजवर जगतात, तिथल्या पोरासमोर बोललं जातं. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, डिझेल मेकॅनिकचा एका वर्षाचा, हे दहावीच्या वर्गात सांगणारे किती? पोरगं मग काहीच न शिकता गॅरेजला लागतं, उस्ताद सांगेल तेवढंच करतं, आणि पुढे तेही "बदलून बघू" म्हणतं.

पिकअपवाल्यांना एवढं सांगतो. सकाळचा पहिला स्टार्ट फोनवर रेकॉर्ड करा, बॉनेट उघडून, थंडीतला आणि गरम असतानाचा वेगवेगळा. तेल कधी बदललं, कुठलं घातलं, फिल्टर कुठला, हे डॅशबोर्डमधल्या वहीत लिहून ठेवा. डिपस्टिक स्वतः बघा. आणि खडखडीबरोबर तेलाचा लाल दिवा विझायला वेळ लागत असेल, किंवा आवाज जड ठकठकीचा असून चढावर वाढत असेल, तर त्या दिवशी माल भरू नका, टोइंगवाल्याला फोन करा.