बायोडाट्यातला पत्ता

माहुलमधील एका आईने मुलाचा बायोडाटा आम्हाला दाखवला. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला. भाषा सुरेख, पत्ता मात्र 'चेंबूर'! मुलगा म्हणाला, "माहुल वाचलं की स्थळ परत जातं." त्याचं दुःख खरं आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून कितीतरी कुटुंबं इथे रिफायनऱ्यांशेजारी आणली गेली. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही या हवेत राहण्याची सक्ती करता येणार नाही, असं बजावलं. यात मुलाचा दोष काय? मग लपवायचं कशाला? भगिनींनो, भाषा यंत्राकडून खुशाल सुधारून घ्या. पत्ता, पगार, आजार खरे लिहा. निकाहनंतर सून त्याच घरात येणार आहे. होकार देण्याआधी तिने ते घर एकदा डोळ्यांनी पाहावं.