दोन नगरसेवक, एक पत्र आणि आपण



गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी दोन वाजता मी आमच्या सिटी हॉलमध्ये जाऊन बसलो. लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा काढून. राज्याच्या आणि फेडरल सरकारच्या प्रस्तावित कायद्यांवर शहराने काय भूमिका घ्यायची, हा विषय होता. समितीवर दोन नगरसेवक, शेजारी शहराची एक अधिकारी, आणि पडद्यावर सॅक्रामेंटोहून बोलणारा शहराचा लॉबीइस्ट. समोर आम्ही सातजण, त्यांतले पाच निवृत्त घरमालक. एकेका विधेयकाला तीन-चार मिनिटे मिळत होती: पाठिंबा, विरोध, दुरुस्ती केल्यास पाठिंबा, किंवा नुसतेच लक्ष ठेवायचे. पुढचे विधेयक.

दोघेच का, तर कॅलिफोर्नियाच्या 1953 च्या ब्राऊन ॲक्टप्रमाणे कौन्सिलच्या बहुसंख्य सदस्यांना जाहीर बैठकीबाहेर शहराच्या कामाची चर्चा करता येत नाही. म्हणून पाचजणांच्या कौन्सिलात अशा समितीवर साधारणपणे दोघेच असतात. दोघांचे जमले की शहराच्या लेटरहेडवर पत्र जाते. पुढे विधिमंडळाच्या समितीसमोर विधेयकाचे जे विश्लेषण येते, त्याच्या शेवटी समर्थकांची आणि विरोधकांची यादी असते. त्यात शहराचे नाव लागते. किती लोकांच्या वतीने आणि किती लोकांना विचारून, हे तिथे लिहिलेले नसते.

'शहराने आधी रस्त्यातले खड्डे बुजवावेत, सॅक्रामेंटो आणि वॉशिंग्टनच्या उठाठेवी कशाला?' असे आपल्यातलेच काही म्हणतात. मला ते पटत नाही. शहरात काय बांधता येईल, बससाठी पैसे कुठून येतील, पोलिसांनी इमिग्रेशन खात्याला किती मदत करायची, हे बरेचसे वरच ठरते. शहराने बोललेच पाहिजे. फक्त वादाच्या विधेयकांवर दोघांनी पत्र धाडू नये. ते पूर्ण कौन्सिलपुढे यावे आणि कोणी कसे मत दिले याची नोंद राहावी.

ऑगस्ट 2025 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नेमके तसे झाले. सेनेटर स्कॉट विनर यांचे एस.बी. 79 हे विधेयक रेल्वे आणि मोठ्या बसमार्गांच्या स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत, स्थानकाला लागून असेल तर नऊ मजल्यांपर्यंत, इमारतींना मुभा देणारे. कौन्सिलने त्याला विरोध करायचे ठरवले, पण 8 विरुद्ध 5 मतांनी. महापौर कॅरन बास यांचाही विरोध होता. तरीही 10 ऑक्टोबर 2025 रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली आणि अंमलाची तारीख 1 जुलै 2026 ठरली. पण शहराच्या नावावर पाचजणांचा नकार नोंदला गेला, आणि मतदाराला आठ कोण आणि पाच कोण हे कळले.

आता आपल्या मंडळींच्या घराजवळचे बोलू. साठ हजार वस्तीच्या क्युपर्टिनोत व्हॅल्को मॉलच्या जागी काय यावे यावर किती वर्षे भांडण चालले हे तिथल्या मराठी माणसांना माहीत आहे. 2018 मध्ये एस.बी. 35 या राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन 2,402 घरांचा प्रस्ताव आला, निम्मी घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. शहराला तो मंजूर करावा लागला. लगेच कोर्टकचेरी सुरू झाली, 2020 मध्ये निकाल प्रकल्पाच्या बाजूने लागला, मॉल पाडला गेला, आणि जागा वर्षानुवर्षे कुंपणाआड राहिली. 'शाळांवर ताण येईल' हा ठरलेला आक्षेप. त्याच गावच्या प्राथमिक शाळांच्या जिल्ह्याने मुले घटली म्हणून 2022 मध्ये शाळा बंद केल्या. तरुण कुटुंबांना घर परवडत नसेल तर वर्गात मुले येणार कुठून?

त्या बुधवारी हाच आक्षेप मी पुन्हा ऐकला, आणि घेणारे गृहस्थ आपल्यातले होते. गणेशोत्सवात पुरोगामी पथनाट्य बसवणारे, मनाने चांगले. एकेकाळी ते आणि मी एकाच अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहायचो. आता ज्या प्रकारच्या इमारतीला ते नको म्हणत होते, तसल्याच. मला राग आला नाही, लाजल्यासारखे झाले. कारण इतकी वर्षे मीही तिथे गेलो नव्हतो. 2023 मध्ये जातिभेदाविरुद्धच्या एस.बी. 403 साठी आपण पत्रे लिहिली, ग्रीन कार्डाच्या देशवार मर्यादेबद्दलच्या एस. 386 साठी सेनेटरांना फोन केले. भाडेकरूंच्या विधेयकाला मात्र आपण 'लोकल' म्हणून सोडून देतो.

आणि यात सर्वांत जास्त गैरहजर असतात ते एच-वन बीवरचे तरुण. 'आम्हाला मत नाही,' ते म्हणतात. बरोबर. पण या बैठकीत बोलायला मत लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. ब्राऊन ॲक्ट 'जनते'बद्दल बोलतो, मतदारांबद्दल नाही. नाव-पत्ता लिहिल्याशिवाय आत सोडणार नाही, असेही कोणाला म्हणता येत नाही. नियमित बैठकीचा अजेंडा किमान 72 तास आधी लावावाच लागतो.

मी दोन मिनिटे बोललो. बोललो ते फारसे चांगले नाही. आकडे जास्त झाले, आमच्या सेमिनारमध्ये होतात तसे. एका नगरसेविकेने मान वर करून विचारले, "तुमच्याकडचे पोस्टडॉक राहतात कुठे?" मी म्हटले, "ट्रेसीत. येताना दीड तास, जाताना दोन." तिने ते लिहून घेतले. पत्र विरोधाचेच गेले, पण 'दुरुस्ती केल्यास पाठिंबा' असे शब्द त्यात आले.

पुढची बैठक दुसऱ्या बुधवारी आहे. त्या पोस्टडॉकपैकी एकीने येते म्हटले आहे. मी तिच्या गाडीची वाट पाहत सिटी हॉलच्या पायऱ्यांवर पावणेदोनपासून असेन.