गेमचा वारसा मिळतो, उडीचा नाही

जुन्या उड्यांच्या गेमचा पुढचा भाग नव्या कंपनीने काढला की 'आता ती मजा नाही' हे ठरलेलं. नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम'ला कॅसेट लावून मारिओ खेळला असाल, तर तुमच्या बोटांनाही हे पटेल. तक्रार खरी असते. राग मात्र भलत्यावर निघतो.

इथे डून लेरीजवळ फॉर्टी फूटला लोक खडकावरून समुद्रात उड्या टाकतात. तीन मीटरवरून पाण्यात पोचायला जेमतेम ०.७८ सेकंद. समजा, गेममधलं पात्र याच गुरुत्वाकर्षणात तीन मीटर उंच उडालं, तर वर जाऊन खाली यायला त्याच्या दुप्पट, म्हणजे दीड सेकंद लागेल. फुग्यासारखं तरंगेल बिचारं! तीच उडी ०.७ सेकंदात बसवायची तर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या पाचपट हवं. वर हवेत वळायची मुभा, आणि कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देण्याची सवलत. हे आकडे न्यूटनकडून मिळत नाहीत, पुन्हा पुन्हा खेळून ठरवावे लागतात.

क्रॅश बँडिकूटचे पहिले तीन भाग नॉटी डॉगने १९९६ ते १९९८ मध्ये केले. २००१चा पुढचा भाग ट्रॅव्हलर्स टेल्सकडे गेला, २०२०चा टॉईज फॉर बॉबकडे. मधे, २०१७ साली, व्हिकेरियस व्हिजन्सने पहिले तिन्ही भाग नव्याने बांधले. सगळीकडे हाताळणी सारखी हवी म्हणून तिसऱ्या भागातली पायाभूत धरली. टक्कर ओळखायची पद्धतही वेगळी होती. झालं असं की पहिल्या भागातल्या काही उड्या मूळच्यापेक्षा अवघड झाल्या. कडेला टेकलेला क्रॅश घसरून थेट खाली, चित्रं कितीही देखणी असली तरी.

आमच्या प्रयोगशाळेत माणूस सोडून गेला तरी त्याची वही मागे राहते. कोणता आकडा का बदलला, हे नव्या माणसाला तिथे सापडतं. गेमचे हक्क विकताना नाव आणि पात्रांबरोबर अशी वहीही द्यायला हवी. ती नसेल तर नव्या चमूला दोष देण्यात काय अर्थ?

घरी मुलांकडे जुना आणि नवा भाग असेल तर मोजून बघा. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये उडी टिपा आणि वर जाण्याचा नि खाली येण्याचा वेळ वेगवेगळा मोजा, कारण अनेक गेममध्ये उतरताना गुरुत्वाकर्षण वाढवलेलं असतं. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. उंची मीटरमध्ये नाही, पात्राच्याच उंचीच्या पटीत धरा.