लोगो, बटण आणि एक ओळ

छोटी वर्तमानपत्रं, कम्युनिटी रेडिओ, माहितीच्या अधिकारावर काम करणारी मंडळी अशा आठ-दहा गटांची मिळून एक आघाडी झाली आहे. माध्यमांचे नियम ठरताना साध्या वाचक-श्रोत्याचंही म्हणणं सरकारपर्यंत पोचावं, ही तिची मागणी. वेबसाइट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ("तू कम्प्युटरवाला, तूच कर." झालं!) आतापर्यंत तीन बैठका झाल्या. त्यातल्या दोन, कोणाचा लोगो आधी आणि कोणाचा नंतर, ह्यातच गेल्या. अकारविल्हे लावू म्हटलं तर शेवटी येणारे रुसले.

मला राहून राहून २०१५ आठवतं. ट्रायनं २७ मार्चला ११८ पानांचा एक कागद काढला होता. शेवटी २० प्रश्न. इंटरनेटवरच्या सेवांवर बंधनं घालावीत का, कंपन्यांनी काही सेवा स्वस्त आणि काही महाग द्याव्यात का, असला किचकट मामला. उत्तरं द्यायची २४ एप्रिलपर्यंत. आता दिवसभर राबून घरी आलेला माणूस ११८ पानं वाचणार आहे का? तेव्हा निखिल पाहवा आणि इतर स्वयंसेवकांनी 'सेव्ह द इंटरनेट' ही साइट उभी केली. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय ते थोडक्यात, प्रश्नांची तयार उत्तरं आणि एक बटण. मेल तुमच्याच पत्त्यावरून जायचा. ११ एप्रिलला एआयबीचा व्हिडिओ आला आणि मग मेलचा पूर लोटला. दहा लाखांच्या वर मेल गेले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं कुठली साइट पाहता त्यावरून डेटाचे वेगळे दर लावायला बंदी केली.

ही साइट कोणी केली हे त्या दहा लाखांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. आमच्या आघाडीला मी हेच सांगतोय. लोगो तळाशी, बारीक. वर फक्त काम.

पण बटणाचंही एक दुखणं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकनंही तेच केलं. 'फ्री बेसिक्स'ला पाठिंबा देणारा तयार मजकूर, दाबा बटण. ट्रायनं त्या वेळी ४ प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरं त्या मजकुरात नव्हतीच. तेव्हा लोकांकडून खरी उत्तरं घ्या, असं ट्रायनं फेसबुकला सांगितलं. मी आधीच्या बाजूचा, त्यामुळे मला तेव्हा आनंद झाला. पण खरं सांगू? एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चौघांनी ओळीनं मेल पाठवले आणि एकानंही मजकूर वाचला नव्हता. (त्यातला एक मी.) आमच्या मजकुरात निदान विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती, हा फरक मोठा आहे. आमच्या शहाणपणाचं श्रेय मात्र त्यात काही नाही.

आणि दुसरी गोष्ट. २७ एप्रिल २०१५ ला ट्रायनं आलेले सगळे मेल, ई-मेल पत्त्यांसकट, जाहीर करून टाकले. त्यावर बरीच ओरड झाली, ती रास्तच होती. पण सल्लामसलतीत आलेली उत्तरं जाहीर होतात, ही काही त्या दिवशी सुरू झालेली रीत नव्हे. म्हणून मला वाटतं, जो बटण लावतो त्यानं हे आधी सांगायला हवं. खेडेगावातला एखादा शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी आपलं नाव घालून पत्र पाठवेल, त्यानं ते कळूनसवरून पाठवावं.

तर मी दोन गोष्टी केल्या आहेत. मजकुराच्या चौकटीत पहिल्या दोन ओळी रिकाम्या ठेवल्या, त्या ज्यानं-त्यानं स्वतः लिहायच्या, नाहीतर बटण चालतच नाही. आणि बटणाच्या वर ठळक अक्षरांत: 'हे पत्र तुमच्या नावासह जाहीर होऊ शकतं.'

समिती म्हणते, ह्यानं लोक घाबरतील, आकडा निम्म्यावर येईल. येईलही. रविवारी चौथी बैठक आहे. लोगोंचा विषयही आहेच.