लॉगबुक कुणाच्या हातात?

प्रति,
मा. अध्यक्ष,
तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ (ओएनजीसी)

महोदय,

मी बदलापूरला राहतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. 31 वर्षं व्हॉल्व, फ्लँज आणि गॅस्केट यांच्यात गेली. बंद केलेला व्हॉल्व आतल्या आत थोडंथोडं सोडत राहिला, तर आम्ही त्याला 'पासिंग' म्हणतो. वरचं चाक घट्ट असतं, साहेब राउंडला आले तरी त्यांना काही दिसत नाही. कळतं ते लॉगबुकातून, तेही आधीच्या शिफ्टवाल्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं असेल तर.

2026च्या अर्थसंकल्पात कार्बन पकडून वापरण्याच्या आणि साठवण्याच्या तंत्रासाठी पाच वर्षांकरता 20,000 कोटी रुपये जाहीर झाले. वीज, पोलाद, सिमेंट आणि तेलशुद्धीकरणासोबत यादीत रसायन उद्योगही आहे, म्हणून आमच्या कट्ट्यावर ही बातमी दोन दिवस टिकली. (एरवी आमचा विषय एकच, लोकल.) आपण तर जानेवारी 2023मध्येच शेल कंपनीबरोबर साठवणुकीच्या अभ्यासासाठी करार केला आहे, आणि त्यात रिकामी होत आलेली तेल-वायूची क्षेत्रंही येतात. म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

आधीच सांगतो, मी या कामाचा विरोधक नाही. ज्या खडकाने लाखो वर्षं गॅस धरून ठेवला, तो कार्बन डायऑक्साइडही धरील, हा हिशेब मला पटतो. नेदरलँड्सने उत्तर समुद्रातल्या 'के-12बी' या गॅसक्षेत्रात 2004पासून हे करून पाहिलं आहे. तिथून निघणाऱ्या गॅसमध्येच कार्बन डायऑक्साइड होता. तो वेगळा काढायचा आणि जिथून आला तिथेच परत ढकलायचा, असं काम. आपल्याकडेही जागा कमी नाहीत. समुद्रातल्या तापी गॅसक्षेत्रात आपली भागीदारी होती. तिथलं उत्पादन 2016मध्ये थांबलं आणि प्लॅटफॉर्म काढून नेण्याचं देशातलं पहिलं मोठं काम तिथेच झालं. शिवाय 1976मध्ये सापडलेलं 'बसीन' हे गॅसक्षेत्र आहे; बसीन म्हणजे आमची वसई. उल्हास नदी बदलापूरवरून, उल्हासनगरच्या कडेने, कल्याणखालून वाहत शेवटी वसईच्या खाडीला मिळते. आमचं सांडपाणी जिथून समुद्रात शिरतं, त्याच गावाचं नाव आपण गॅसला दिलं आहे. तेव्हा आपण शेजारीच.

मला खडकाबद्दल शंका नाही. माणसाने त्याला पाडलेल्या भोकांबद्दल आहे.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मेलेली बोअर आहे. वर शहाबादी फरशी, कडेने सिमेंट. दर जुलैत जमिनीतलं पाणी चढतं आणि फरशीच्या एका कोपऱ्यातून बुडबुडे येतात. एका वर्षी मी गुडघ्यावर बसून तिथे साबणाचं पाणी लावलं, कारखान्यात लावायचो तसंच. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला. नुसती हवाच होती ती, घाबरण्यासारखं काही नाही. पण सेक्रेटरींना विचारलं, आत भरलंय काय? खडी, माती, की वर फक्त फरशी ठेवून दिली? कुणालाच सांगता येईना. तीन कमिट्या बदललेल्या, बोअर बुजवणारा कधीच गाव सोडून गेलेला, आणि कागद 26 जुलै 2005च्या पुरात तळमजल्यावरच्या ऑफिसात भिजून त्यांचा लगदा झालेला.

समुद्रातल्या विहिरी आमच्या बोअरपेक्षा फार चांगल्या बुजवल्या जातात, हे मला ठाऊक आहे. तरी प्रश्न तोच. त्यातल्या जुन्या विहिरींचं सिमेंट नैसर्गिक वायू अडवायचा म्हणून भरलं गेलं. कार्बन डायऑक्साइडला पाणी मिळालं की आम्ल तयार होतं. ते लोखंड खातं, सिमेंटही हळूहळू खातं. दुसरी भानगड थंडीची. आग विझवायची सीओटूची बाटली फोडली की नळीच्या तोंडावर पांढरा बर्फ धरतो, तो आम्ही दर ड्रिलला पाहिलाय. रिकाम्या क्षेत्रात दाब पडलेला असतो. तिथे भरल्या दाबाचा वायू एकदम सोडला, तर तो तसाच फुगून गार होतो, आणि त्या गारठ्याने पाइप आणि सिमेंट यांची पकड सुटू शकते. वायू आधी तापवणं, हळूहळू सोडणं हे उपाय आहेत आणि आपले इंजिनिअर ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात. फक्त ते पाळले गेले, याची नोंद कोण बघणार?

हे विचारतोय त्याचं कारण वालधुनी नदी. अंबरनाथच्या साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या शिवमंदिराला खेटून ती वाहते आणि पुढे उल्हासनगरात शिरते. नोव्हेंबर 2014च्या शेवटी एका रात्री तिच्यात रसायनं ओतली गेली आणि वडोलगावच्या बाजूला शेकडो लोक घुसमटून दवाखान्यात भरती झाले. ओतणाऱ्यांच्या लेखी ते 'विल्हेवाट लावणं' होतं. त्यांच्या डोळ्यांआड झालं की संपलं, आणि इथे पहाटे माणसं रिक्षात घालून न्यावी लागली. तेव्हापासून कुणी 'खाली सोडून देऊ' म्हणालं की आमचे कान टवकारतात. आपण तसे नाही, पण सवय आम्हाला लागली आहे.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्ट गावाचेही कान असेच टवकारले. गावाखालच्या रिकाम्या गॅसक्षेत्रात हा वायू भरायची शेलची योजना होती. लोक अडून बसले आणि 2010मध्ये ती गुंडाळावी लागली. मग रॉटरडॅमच्या बंदरापासून समुद्रात 20 किलोमीटरवरच्या रिकाम्या क्षेत्रांसाठी 'पोर्थोस' हा प्रकल्प उभा राहिला. पण युरोपात या कामाचा कायदा 2009पासून आहे. साठा बंद केल्यावर साधारण किमान 20 वर्षं कंपनीच जबाबदार. नंतर सरकारकडे हस्तांतर, आणि तेव्हा किमान 30 वर्षांच्या देखरेखीचा खर्च कंपनीने भरून जायचा. यालाच आम्ही शिफ्ट हँडओव्हर म्हणतो. आपल्याकडे पैसे आधी जाहीर झाले, कायदा मागून यायचा आहे.

तेव्हा विनंती अशी. ज्या क्षेत्राचा विचार होईल, तिथल्या प्रत्येक जुन्या विहिरीची खोली, ती बुजवल्याचं साल, आत काय भरलं आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे सगळं वायूचा पहिला टन आत जाण्याआधी लोकांसमोर ठेवा. वसई आणि उरणच्या कोळ्यांना समजेल अशा मराठीत. किनाऱ्यापर्यंत पाइप कुठल्या खोऱ्यातून जाणार, तेही सांगा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, सखल भागात साचतो. 2020मध्ये अमेरिकेतल्या सटार्शिया गावाजवळ मुसळधार पावसानंतर जमीन सरकून असा पाइप फुटला आणि मदतीला निघालेल्या गाड्याही बंद पडल्या, कारण इंजिनाला प्राणवायूच मिळेना. आमच्या खोऱ्यातला पाऊस आपल्याला माहीत आहे. जुलै 2019मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ याच पाण्यात तासन्‌तास उभी होती.

आमच्या बोअरचं मी एवढंच करू शकलो आहे: सोसायटीच्या वहीत तिची नोंद केली. जागा, फरशीचं माप, बुडबुडे दिसल्याच्या तारखा. 'आत काय भरले' या रकान्यात 'माहीत नाही' लिहून खाली सही केली आहे. आपल्या उत्तराची प्रत नोटीस बोर्डावर लावीन. काचेची पेटी आहे, भिजणार नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर
बदलापूर (पूर्व)